मेंदी रंगली तिथे

सुनेने घरी लावलेली मेंदी वत्सलाबाईंच्या केसांवर भलतीच चढली. पुढे केशरी पट्टे, मागे सगळं काळं! म्हणून केळवणाला त्या डोक्यावरून पदर घेऊन बसल्या. पण पदराखालून डोकावणारे पट्टे पाहून थोरल्या नणंदेने, दमयंतीआत्यांनी, भर पंगतीत सुनेला विचारलंच, "काय गं केतकी, सासूला मेंदी लावलीस की पट्टेरी वाघ रंगवलास? माझं बघ, साठीतही एक केस पांढरा नाही!"

केतकी वाढता वाढता हसली. "आत्या, मेंदी पांढऱ्या केसांवरच खुलते. या घराच्या काळजीने आईंचे जेवढे केस पिकले, तेवढेच रंगले. तुमच्या डोक्याला कसला तापच नव्हता, मग मेंदी रंगणार कुठे?"

आत्यांनी जिलबी तोंडात कोंबली. वत्सलाबाईंचे डोळे भरून आले. डोक्यावरचा पदर खांद्यावर घेत त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळीही तूच लाव गं."