विसराळू खारींची ढोलपेढी

एक रान होतं. तिथला राजा निवडून आलेला होता, कारण विरोधातला उमेदवार प्रचाराला जायचा तो परत यायचाच नाही.

त्या रानात उंबरदरीला खारींची वस्ती. भारी कामसू जात, पण एक खोड वाईट. पावसाळ्यासाठी चारोळ्या जमिनीत पुरायच्या आणि कुठे पुरल्या ते साफ विसरायचं! मग कुणाच्या चारोळ्या कोण उकरून खातंय, काही पत्ता नाही. शेवटी ठमी खारीच्या आजेसासूने डोकं चालवलं. अर्जुनाच्या झाडाच्या मोठ्या ढोलीत सगळ्यांनी आपापली ठेव ठेवायची आणि राखणीला साळिंदरभाऊ बसवायचे. हीच ती ढोलपेढी. वर्षानुवर्षं कारभार चोख चालला.

ढोली काठोकाठ भरली, आणि सिंहमहाराजांना प्रजेचं प्रेम दाटून आलं.

"माझ्या लाडक्या खारींनो! आजपासून ही पेढी साऱ्या रानाची! मी चारोळी खात नाही, हे तुम्ही जाणता. मग माझ्याइतका विश्वासू राखणदार कोण?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठमीने तर शेपूट उडवून वाजवल्या.

पाटी बदलली. महाराज खरोखरच चारोळी खात नव्हते. त्यांचे मेहुणे हत्तीराव खात होते. सिंहाचा मेहुणा हत्ती कसा, असलं विचारू नका. सत्तेत सोयरीक कुठेही जुळते. हत्तीरावांनी रानाच्या विकासासाठी पोती पोती कर्ज उचललं आणि एका सकाळी हवापालटाला नदीपार गेले.

"पेढी तोट्यात आहे," महाराज गहिवरले. "आणि चारोळ्या सांभाळणं हे काय राजाचं काम आहे?"

पेढी रानडुक्करशेठनी घेतली. पुन्हा नवी पाटी, गुलाबी रंग, आणि नवा नियम: ठेवीदाराने आपण खार असल्याचं सिद्ध करावं. ठमी पाठीवरचे पट्टे दाखवायला गेली.

"पट्टे वाघालाही असतात," साळिंदरभाऊ खाली बघत म्हणाले.

"अहो भाऊ, तुमच्या डोळ्यांदेखत जन्मले ना मी!"

"मी ओळखतो गं तुला. पेढी ओळखत नाही."

पट्टे मंजूर होईपर्यंत शेठनी पेढी नदीपारच्या मगरबाईंना विकली. बाई आल्या, सोबत भागीदार म्हणून हत्तीराव, चांगले गुटगुटीत होऊन.

श्रावण लागला. घरात चारोळीचा दाणा नाही. पिल्लं रडून रडून गप्प झाली, तशी ठमी भिजत पेढीवर गेली.

"भाऊ, माझी पिल्लं उपाशी आहेत हो. मूठभर तरी द्या!"

"काळजी करू नकोस. तुझी ठेव सुरक्षित आहे."

"मग द्या की!"

"दिली तर सुरक्षित कशी राहील?"

ठमीचं टाळकंच सटकलं. "आग लागो तुमच्या पेढीला!" म्हणत ती घरी आली आणि पिल्लांना घेऊन दरीभर उकरत सुटली. कुणीतरी कधीतरी पुरलेलं थोडंथोडकं मिळालं, त्यावर पिल्लं जगली. पुढच्या उन्हाळ्यात तिने पेढीत एक दाणाही टाकला नाही. सगळं पुरलं. तिचं बघून अख्ख्या उंबरदरीनं पुरलं.

मगरबाई भडकल्या. लगेच महाराजांचा हुकूम निघाला: जमिनीत चारोळी पुरणं म्हणजे रानद्रोह. ठमीला दरबारात ओढत आणलं.

"बोल, कुठे पुरल्यास?"

"आठवत नाही, महाराज," ठमी म्हणाली. खरंच आठवत नव्हतं बिचारीला!

महाराज डरकाळी फोडणार, तोच प्रधान कोल्हा कानाशी लागला. "जरा दमानं, महाराज. हत्तीरावांच्या कर्जाच्या चौकशीत आपणही हेच उत्तर दिलं होतं, आणि ते ग्राह्य धरलं गेलं."

ठमी सुटली. त्या श्रावणात पिल्लं जिथे उकरतील तिथे चारोळी निघाली.

मग निवडणूक आली. महाराज उंबरदरीत आले, गळ्यात हार, डोळ्यांत पाणी. "माझ्या लाडक्या खारींनो! तुमच्यासाठी एक नवी पेढी..."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठमीनेही दोन वाजवल्या, आणि थबकली. आपल्याला महाराजांच्या या आवाजाचा एवढा राग का येतोय, तेच तिला काही केल्या आठवेना.