जोमाचा उंच बांध

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. भरतीच्या पाण्याहून त्याची जमीन खाली. समुद्राने मनात आणलं असतं, तर तो थेट ओट्यावर येऊन बसला असता. पण गावकरी निर्धास्त असायचे, कारण समुद्र आणि भातशेती यांच्या मधे त्यांनी घातलेला मातीचा लांबलचक बांध होता.

बांधाची रीत सोपी होती. ज्याच्या शेतापुढे जेवढा बांध, तेवढा त्याचा वाटा. उधाणाची भरती यायच्या आधी, ओहोटीला, ज्याने त्याने आपल्या वाट्यावर टाच आपटत चालायचं. कुठे पोकळ लागलं की समजायचं, खेकड्याने बीळ केलंय. मग ते खणायचं आणि चिखल ठासून बुजवायचं. दिसायला एवढंसं बीळ, पण उधाणाचं पाणी त्यात शिरलं की बांधाला खांड पडलीच म्हणून समजा.

या गावातला जोमा म्हणजे कामाला वाघ. त्याचं शेत सगळ्यांत खोलगट, म्हणून त्याने आपल्या वाट्यावर माती चढवत चढवत बांध पुरुषभर उंच केला होता. त्याचं कौतुक तर विचारू नका. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला बांध दाखवायला न्यायचा, आणि बिचारा पाहुणा उन्हात उभा राहून मान डोलवायचा.

शेजारचा वाटा चांगुणाचा. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर खलाशी, तो महिनोन्‌महिने बाहेर. त्या वर्षी भात फुलोऱ्यावर आलं आणि नेमकी चांगुणा निसरड्यात पडली. हात मोडून गळ्यात बांधायची पाळी आली. अमावास्येचं उधाण तोंडावर आलेलं. टाच आपटताना तिच्या वाट्यात एक जागा पोकळ लागली. जोमा खांद्यावर फावडं टाकून घरी निघालाच होता, तिने त्याला थांबवून ती जागा दाखवली.

"भावजी, एवढं बीळ बुजवून द्या. मला एका हाताने फावडं पेलत नाही."

जोमाने बीळ पाहिलं. फार तर घटकाभराचं काम होतं. पण त्याच्या मनात आलं, आज हिचं केलं की उद्या सगळं गाव दारात उभं राहील.

"वहिनी, ज्याचा वाटा त्याने बघावा," तो म्हणाला. "माझ्या बांधावरून समुद्र काय, चिमणीसुद्धा दमल्याशिवाय येत नाही."

असं बोलून गडी चालता झाला. चांगुणाने पायाने चिखल लोटून, दाबून, जमेल तेवढं केलं. ते पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भरती चढली, बिळात शिरली, आणि बघता बघता बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. खारं पाणी चांगुणाच्या शेतावरून वाहत गेलं ते थेट जोमाच्या खोलगट शेतात.

ओहोटी लागली तसं चांगुणाच्या उंचवट्यावरचं पाणी त्याच खांडीतून माघारी गेलं. जोमाच्या शेतातलं मात्र हलेना. पाणी बाहेर सोडायचं झडपेचं दार होतं गावाच्या वरच्या टोकाला. तिथवर ते चढणार कसं? आणि समोर त्याचाच बांध, भिंतीसारखा. अंगणात वाळवायला घातलेलं भात असावं तसं त्याचं वर्षभराचं अन्न डोळ्यांसमोर होतं, आणि गळ्यापर्यंत खाऱ्या पाण्यात बुडालं होतं. पाणी मुरलं असतं तर पुढची दोन पिकंही गेली असती.

गाव जमलं. सगळ्यांना कळत होतं की जोमाचा बांध फोडल्याशिवाय गत्यंतर नाही, पण त्याला तोंडावर सांगायचं कुणी? तेवढ्यात चांगुणा आली. मोडका हात गळ्यात, दुसऱ्या हाताने डोक्यावरची टोपली धरलेली.

"भावजी, आधी तुमचं पाणी काढू," ती म्हणाली. "निघेल ती माती मी खांडीवर नेते. भरती यायच्या आत दोन्ही उरकेल."

जोमाला इतकी लाज वाटली की त्याला तिच्याकडे बघवेना. त्याने फावडं उचललं आणि आपल्या लाडक्या बांधावर पहिला घाव स्वतः घातला. मग सगळं गाव भिडलं. पाणी धो धो बाहेर पडलं, जोमाच्या बांधाची माती टोपल्या-टोपल्यांनी चांगुणाच्या खांडीत पडली, आणि भरतीच्या आत दोन्ही भगदाडं बुजली. आता सगळ्या गावाचा बांध एका उंचीचा दिसत होता. जोमाचं निम्मं पीक खाऱ्याने करपलं, निम्मं हाती आलं.

पुढच्या उधाणाआधी जोमा टाच आपटत निघाला तो चांगुणाच्या वाट्यावरून. तिथली बिळं बुजवून, त्यापुढच्या म्हाताऱ्याचीही बुजवून, तो घामेघूम होऊन आपल्या वाट्याशी परतला. बघतो तर तिथे ओला चिखल ठासलेला होता. कुणीतरी आधीच येऊन त्याची बिळं बुजवून गेलं होतं.

मुलांनो, तात्पर्य म्हणून गाठीला बांधायचं ते इतकंच: समुद्राला कुणाचा वाटा कुठे संपतो ते ठाऊक नसतं, म्हणून शेजाऱ्याच्या बांधातलं बीळ आपलंच समजून बुजवावं.