पाठ फिरवून बसलेला वैद्य

एका डोंगरपायथ्याच्या गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांनी औषधशाळेचा सारा कारभार आपल्या शिष्यावर सोपवला होता. शिष्य विद्वान होता, कष्टाळू होता आणि कमालीचा कडक होता. भरणीचं झाकण तिरकं बसलेलं दिसलं तरी त्याच्या कपाळावर आठी उमटे.

त्या वर्षी कोठीत उंदीर फार झाले. वैद्यांनी तांबूस रंगाचं, दोन महिन्यांचं एक कुत्र्याचं पिल्लू आणवलं आणि शिष्याच्या हाती देऊन ते म्हणाले, की आता हे इथंच राहील. घाण करायची ती अंगणात, घरात नाही, एवढं त्याला शिकव.

शिष्याला हे काम क्षुल्लक वाटलं. पिल्लानं पहिल्याच दिवशी ओसरीवर ओलं केलं, तेव्हा त्यानं त्याची मानगूट धरली, नाक त्या ओल्यावर दाबलं आणि निरगुडीच्या छडीचा एक फटका दिला. दुसऱ्या दिवशी दोन दिले. पाचव्या दिवसापासून घरातली जमीन कोरडी राहू लागली. शिष्यानं गुरूंना सांगितलं, की पिल्लू शिकलं.

वैद्यांनी विचारलं, "त्याला अंगणात करताना पाहिलंस?"

पाहिलं नव्हतं. पण जमीन कोरडी होती, आणि शिष्याला तेवढा पुरावा पुरेसा वाटला.

आठवड्यानं कोठीत उग्र वास येऊ लागला. शिष्यानं पोती हलवली, तेव्हा मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सगळा उलगडा झाला. गुळवेलीचं अख्खं पोतं नासलं होतं. शिष्य संतापला. त्यानं पिल्लाला ओढत अंगणात आणलं, कडुनिंबाला दोरीनं बांधलं आणि छडी घेऊन समोर उभा राहिला. आज माझ्यादेखत इथं केल्याशिवाय तुला सोडणार नाही, असं तो त्या मुक्या जिवाला बजावत होता.

सकाळ सरली. ऊन डोक्यावर आलं. पिल्लू जमिनीला पोट टेकून शिष्याच्या हातातल्या छडीकडे पाहत राहिलं. दोनदा ते उठलं, अवघडून दोन पावलं चाललं, शिष्याची नजर दिसताच पुन्हा बसलं. त्याचं अंग कापत होतं. ओसरीवर औषधशाळेत कामाला असलेल्या सोनाबाई औषधं कुटत बसल्या होत्या. त्यांच्या खलबत्त्याचा आवाज कधीच थांबला होता.

अखेर ती शांतताच वैद्यांना बाहेर घेऊन आली. ते चाचपडत पिल्लापाशी गेले, त्याच्या पोटावर त्यांनी बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मूत्राशय दगडासारखं झालं आहे," ते म्हणाले. "असंच अडून राहिलं तर हे जगणार नाही."

शिष्याच्या हातातून छडी गळली. कोणता काढा द्यावा, असं तो घाईघाईनं विचारू लागला. वैद्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी दोरी सोडली, चार पावलं दूर जाऊन ते पिल्लाकडे पाठ करून मातीत बसले आणि शिष्यालाही त्यांनी तसंच बसायला सांगितलं.

शिष्याला काही कळेना. जीव जाऊ पाहतो आहे आणि वैद्य पाठ फिरवून बसतो! तो वळू लागला, तेव्हा वैद्यांनी त्याचं मनगट धरलं. "मागं पाहू नकोस."

किती वेळ गेला कोण जाणे. मागून काहीच ऐकू येत नव्हतं, श्वाससुद्धा नाही. पिल्लू मेलं असेल, असं शिष्याच्या मनात येऊन गेलं. मग वाळक्या पानांवर पावलं वाजली. थांबली. आणि त्याच पानांवर धार पडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला.

वैद्य सावकाश वळले. त्यांनी भाकरीचा तुकडा पिल्लापुढे धरला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग ते शिष्याला म्हणाले, "तू त्याला जागा शिकवलीसच नाहीस. घरात करणं हा दोष, असं तुला सांगायचं होतं. त्याला कळलं ते एवढंच, की तुझ्या दृष्टीस पडणं हा दोष. म्हणून ते पोत्यांमागं लपलं, आणि लपायला जागा उरली नाही तेव्हा प्राण पणाला लावून अडवून बसलं. ज्याच्या समोर चूक होऊ शकत नाही, त्याच्या समोर शिकणंही होऊ शकत नाही."

शिष्यानं खाली मान घालून विचारलं, की मग काय करू. झोपून उठलं की, खाल्लं की, त्याला बाहेर ने, वैद्यांनी सांगितलं. केलं की कौतुक कर. घरात झालं तर न बोलता पूस, कारण त्या वेळी उशीर तुला झालेला असतो.

शिष्यानं तसं केलं. पण छडी विसरायला पिल्लाला जवळजवळ महिना लागला. एके दिवशी ते स्वतःहून दाराशी येऊन कुंईकुंई करू लागलं, बाहेर गेलं आणि त्याच्या देखत मोकळं झालं. शिष्याचे डोळे भरून आले.

त्याच दुपारी सोनाबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

"धाकटे वैद्य, माझ्या हातून चूक झालीय," त्या म्हणाल्या. "सांधेदुखीच्या पुड्यांत शुद्ध केलेल्या बचनागाऐवजी कच्चा पडला. आत्ता भरणी पाहिली तेव्हा कळलं. एक पुडी सकाळी कुंभारांकडे गेलीय."

कच्चा बचनाग म्हणजे जहाल विष. शिष्याच्या मस्तकात तिडीक गेली, शब्द ओठांवर आले. सोनाबाईंनी अंग चोरलं. ते पाहून त्यानं ओठ मिटले.

"सांगितलंत, फार बरं केलंत," तो म्हणाला. "बाकीच्या पुड्या बाजूला काढा. मी येतो."

तो अनवाणी धावला. म्हातारे कुंभार जेवायला बसले होते. जेवण झालं की घ्यायची म्हणून पुडी ताटाशेजारी तांब्याखाली दाबून ठेवली होती. शिष्यानं ती उचलली आणि भिंतीला टेकून क्षणभर डोळे मिटले.

परत आल्यावर त्यानं सोनाबाईंना विचारलं, की पूर्वी कधी असं झालं होतं का.

"दोनदा," त्या म्हणाल्या. "पुड्या बाहेर जायच्या आत ध्यानात आलं. मी ओढ्यात टाकून दिल्या. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

शिष्य पायरीवर बसून राहिला. कारभार हाती आल्यापासूनच्या तीन वर्षांत आपल्या कानावर एकही चूक आली नव्हती, याचाच त्याला आजवर अभिमान वाटत आला होता.

आपल्याही कानावर कोणाची चूक येत नसेल, तर निश्चिंत होण्यापूर्वी आपल्या हातात काय आहे ते एकदा पाहावं.