मीठ मधून तापवू नये

एका उजाड माळावर, जिथे बाभळीलाही सावली पाडण्याचा कंटाळा यावा अशा ठिकाणी, एक वृद्ध अभियंता आणि त्याचा एक शिष्य राहत असत. गुरू-शिष्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लगेच पर्णकुटी आणि हरिणे येतात. इथे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, आणि हरिणांऐवजी सरडे. शिष्य तरी कसला, कंत्राटावर लागलेला तरुण अभियंता. पण त्याला शिकण्याची ओढ होती आणि वृद्धाला शिकवण्यावाचून दुसरे काही सुचत नसे, म्हणून आपण त्यांना गुरू-शिष्यच म्हणू. वृद्धाला सगळे अण्णा म्हणत.

त्या माळावर सूर्याच्या उष्णतेवर वीज निर्माण करण्याचा प्रकल्प होता. जमिनीवर दूरवर मोठाले आरसे मांडलेले आणि मधोमध एक उंच मनोरा. आरसे सगळे ऊन मनोऱ्याच्या माथ्यावर फेकत आणि तिथून वाहणारे वितळलेले मीठ ते ऊन पिऊन घेई. हे मीठ आपल्या ताटातले नव्हे, खतात असते त्या जातीचे. तापले की ते पाण्यासारखे वाहते आणि दिवसाची उष्णता टाकीत धरून ठेवते. मग सूर्य मावळल्यावरही तिच्या बळावर वाफ करता येते आणि वीज काढता येते. टाक्या दोन होत्या, गरम टाकी आणि थंड टाकी. थंड म्हणजे किती थंड, तर तिच्यात भाकरी टाकली तर कोळसाच हाती यावा! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण त्याला इलाज नव्हता. हे मीठ दोनशे चाळीस अंशांच्या खाली उतरले की त्याचा दगड होतो. म्हणून थंड म्हणवणाऱ्या टाकीचीही ऊब राखावी लागे आणि पाइपांभोवती विजेच्या तारा गुंडाळून त्यांनाही ऊबदार ठेवावे लागे.

शिष्य या माळावर आला तो काही केवळ शिकण्यासाठी नव्हे. त्याला माणसांपासून दूर जायचे होते. त्याची आई दीर्घ आजाराने गेली. तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवावे असा त्याचा हट्ट होता. वडिलांनी हलवू दिले नाही. ती घरीच गेली. तेराव्याला, भावकी पानांवर बसलेली असताना, हा सगळ्यांदेखत वडिलांना म्हणाला, "तुम्ही मारलंत तिला." त्या दिवसापासून दोघांत अबोला पडला.

वर्षश्राद्धाला तो घरी गेला होता. अबोला सोडायचाच या निश्चयाने गेला होता. जेवताना पहिल्या घासालाच त्याने विचारले, "त्या दिवशी तिला का नाही हलवू दिलंत, ते मला आज सांगा." वडील अर्ध्या पानावरून उठले, हात धुतले आणि परसात जाऊन पाठमोरे उभे राहिले. हा बॅग उचलून निघाला. आपल्याकडे भांडणाला शब्द पुष्कळ आहेत, पण अबोल्याइतका जड शब्द दुसरा नाही. भांडण दोघांना निदान समोरासमोर तरी उभे करते. अबोल्यात दोघेही आपापल्या घरात एकटे पडतात, आणि पहिला शब्द कोणी काढायचा या विचारात वर्षे निघून जातात.

माळावर त्याचा दिवस कामात जाई. संध्याकाळ मात्र जाता जात नसे. आरसे एकेक करून माना खाली घालत, वारा पत्र्याखाली घुसून कण्हत राही, आणि हा दारात बसून फोनमधली नावे वर-खाली सरकवी. बाबांचे नाव आले की अंगठा थांबे. मग तो फोन उपडा ठेवी. त्याला फार एकटे वाटे, आणि एकटे वाटते हे सांगावे असेही कोणी नव्हते.

त्या वर्षी माघ सरता सरता अवकाळी आभाळ आले आणि दिवसचे दिवस हटेना. ऊन नाही म्हणून मनोऱ्याकडे जाणाऱ्या मुख्य पाइपातले मीठ टाकीत उतरवून घेतले. त्या पाइपाला जमिनीलगत एक खोलगट भाग होता. शिष्य फेरी मारायला गेला तेव्हा त्या भागाच्या तारा तापत होत्या. त्याने मनाशी हिशेब केला की यातून सध्या काहीच वाहत नाही, मग याला ऊब कशाला द्यायची? त्याने खटके बंद केले. कोणाला सांगावे असे त्याला वाटले नाही, कारण आपण शहाणपणाच केला अशी त्याची खात्री होती.

पण खोलगट जागेतले मीठ सगळे उतरलेलेच नव्हते. आत उरले होते ते हळूहळू गोठले. आभाळ फाकले, आरशांवर लख्ख ऊन पडले, पंप सुरू केला, आणि मीठ पुढे सरकेना. अण्णांनी पाइपावरचे आवरण उघडायला लावले आणि पान्याने जागोजागी ठोकून पाहिले. सुरुवातीला आवाज खणखणीत येत होता. खोलगट भागात तो बद्द झाला. शिष्य स्वतःहून म्हणाला, "तारा मी बंद केल्या होत्या, अण्णा."

अण्णा रागावले नाहीत. ते म्हणाले, "वाहत नव्हतं म्हणून ना? अरे, वाहत नसतं तेव्हाच ऊब लागते. वाहतं मीठ आपली ऊब आपण घेऊन येतं."

त्याच दुपारी शिष्याच्या आत्याचा फोन आला. "दादा हल्ली धड जेवत नाही रे. दुपारी ताट वाढून ठेवते, ते संध्याकाळी तसंच असतं. कुणाशी बोलत नाही. मला लक्षण बरं दिसत नाही. ये आणि काय ते एकदाचं मिटव बाबा."

शिष्य तडक अण्णांकडे गेला आणि तेराव्यापासून वर्षश्राद्धापर्यंतचे सगळे त्याने पहिल्यांदाच त्यांना सांगून टाकले. "मला रजा द्या. उद्या जातो आणि काय ते सगळं एकदाच बोलून टाकतो. मनात काही ठेवणार नाही. त्यांनीही ठेवू नये."

अण्णांनी त्याचे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पाइप वितळेपर्यंत रजा नाही."

"पाइपाला माणसं आहेत, अण्णा. माझ्या बापाला कोणी नाही."

"म्हणूनच म्हणतो. पाइप तू वितळवायचा. मी सांगेन तसा."

शिष्याला हे फार लागले. ज्याला आपण बापाच्या जागी मानले तोच असा कोरडा निघावा! पण शब्द मोडण्याची त्याला सवय नव्हती, म्हणून तो पाना घेऊन खाली उतरला.

काम मोठे विचित्र निघाले. मीठ सर्वांत जास्त दाटले होते ते मधल्या भागात. तिथल्या तारा जोरात लावल्या तर सगळा अडथळा लवकर सुटेल, हे कोणालाही सुचावे. अण्णांनी मधल्या खटक्याला हात लावू दिला नाही. त्यांनी टाकीकडच्या टोकाची झडप उघडून ठेवली आणि फक्त त्या टोकाचा पहिला तुकडा तापवायला सांगितला, तोही मंद. तेवढे मीठ वितळून टाकीत ओघळले की पुढचा तुकडा. मग त्याच्या पुढचा. एका दिवसात जेमतेम दोन पावले सरकायची. वर आकाशात ऊन नुसते ओतत होते आणि खाली ही दोघे माणसे पाइपाशेजारी बसून होती.

प्रकल्पाचे मालक एक व्यापारी गृहस्थ होते. ते गाडीतून उतरले ते कपाळाला हात लावूनच. "अण्णा, एवढं सोन्यासारखं ऊन वाया चाललंय! मधे मारा की जोर."

अण्णा म्हणाले, "शेठ, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. थोडं थांबा."

शेठ चिडून निघून गेले. शिष्य मात्र थांबला नाही. अण्णा चहा घ्यायला खोलीकडे गेलेले पाहून तो उठला आणि मधल्या खटक्यापाशी गेला. आत्याचे शब्द त्याच्या कानांतून जात नव्हते. पाइप आज सुटला तर उद्या सकाळी निघता येणार होते. त्याने खटक्यावर बोट ठेवले, तोच मागून अण्णांनी त्याचे मनगट धरले. म्हाताऱ्याची पकड घट्ट होती.

"सोडा मला," शिष्य म्हणाला. त्याला रडू आले, आणि त्याने ते लपवलेही नाही. "तिकडे तो माणूस उपाशी बसलाय आणि मी इथं मीठ चाटत बसलोय!"

अण्णांनी त्याला हाताला धरून पाइपाजवळच्या दगडावर बसवले आणि स्वतः शेजारी बसले.

"नीट ऐक. पाणी गोठताना फुगतं, म्हणून बर्फानं बाटली फुटते. या मिठाचं उलटं आहे. गोठताना ते आकसतं. गुमान बसून राहतं, कोणाला त्रास देत नाही. फुगतं ते वितळताना. आता तू मधे तापवलंस, मधलं वितळलं आणि दोन्ही बाजूंना दगडच राहिला, तर त्या बिचाऱ्यानं जावं कुठं? ते पाइप फोडतं. लोक म्हणतात, गोठल्यानं पाइप गेला. खोटं आहे. पाइप जातो तो वाट नसताना वितळवल्यानं."

अण्णा त्याच्याकडे वळले.

"माणसाचंही तसंच आहे बाबा. तू वर्षश्राद्धाला गेलास आणि पहिलाच खटका मधला दाबलास. तुझ्या वडिलांच्या आत जे दाटलंय ते त्या प्रश्नानं वितळलं असणारच. पण बाहेर यायला त्याला वाट नव्हती. ते पानावरून उठून गेले ते रागानं नव्हे. न उठते तर फुटले असते. रजा घेऊन तू पुन्हा तेच करायला निघाला होतास, म्हणून मी तुला अडवलं."

"मग मी करू तरी काय?"

"ज्या टोकाला वाट मोकळी असेल तिथून सुरू कर. ज्याचं उत्तर देताना त्यांना काही सोसावं लागणार नाही, असं काहीतरी विचार. त्यांनी एक शब्द दिला की तेवढ्यावर थांब. उद्या पुढचा."

"आणि मधलं? आईचं?"

"त्याची पाळी येईल. कदाचित लवकर, कदाचित फार उशिरा. ती तू आणायची नसते." अण्णांनी खिशातून आपला फोन काढला. मग म्हणाले, "माझ्या फोनात आता कामाचीच नावं उरलीत. अबोला धरायलासुद्धा समोर माणूस लागतं रे. तुझ्याकडे ते आहे, अजून आहे."

शिष्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आले की इतके दिवस आपण ज्याला आपला एकटेपणा म्हणत होतो, तो आपल्या हाताने बंद केलेला खटका होता. आणि शेजारच्या खोलीत एक माणूस खरोखरच एकटा राहत होता. तो पाइपाकडे वळला आणि टोकाकडून पुढचा तुकडा तापवायला लागला.

पाइप पूर्ण सुटला त्या संध्याकाळी मीठ मनोऱ्याकडे चढताना सगळ्यांनी ऐकले. कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. अण्णा म्हणाले, "आता रजा घे." शिष्य म्हणाला, "आधी फोन करतो." तो आरशांच्या रांगेतून लांबवर चालत गेला आणि त्याने ते नाव दाबले.

बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता.

"बाबा, मी बोलतोय."

शिष्याच्या ओठांवर सगळे एकदम आले, तेराव्याचे ते वाक्य, त्याची माफी, आईचा शेवटचा दिवस. त्याने ते महत्प्रयासाने आवरले.

"परसातल्या शेवग्याला शेंगा लागल्या का हो यंदा?"

मग एक खाकरा. "लागल्यात."

"बऱ्याच?"

"फांदी वाकलीय." वडील म्हणाले, "खायला कोण आहे इथं."

शिष्याने डोळे मिटून घेतले. एक शब्द मिळाला होता. अण्णांनी तेवढ्यावर थांबायला सांगितले होते. त्याने "ठेवतो मग, बाबा" असे म्हटले आणि फोन कानावरून काढणार, इतक्यात पलीकडून आवाज आला.

"तिकडं आभाळ होतं ना रे इतके दिवस? पेपरात बघत होतो मी."

दीड वर्ष ज्याने आपल्याशी एक अक्षर उच्चारले नाही, तो माणूस रोज सकाळी पेपरात या माळावरचे आभाळ शोधत होता.

"होतं," तो कसाबसा म्हणाला. "आता गेलं."

"बरं." वडील घुटमळले. फोन ठेवावा की न ठेवावा, हे त्यांनाही कळत नसावे. मग ते म्हणाले, "शेंगा जून होतील. त्याच्या आत ये."