तिसऱ्या तानेनंतरचा उसासा

एका जंगलात ओढ्याकाठच्या उंबरावर एक दयाळ पक्षी राहत असे. तुम्ही त्याला पाहिलं असेल, मुलांनो. काळा-पांढरा, ताठ शेपटीचा, आणि गळा असा की पहाटे तो गायला लागला म्हणजे म्हाताऱ्या घुबडाचंही झोपायला जायचं राहून जाई. जंगलाच्या सरकारी शाळेत तो गाणं शिकवी, म्हणून सगळे त्याला गुरुजी म्हणत. आता हे गाणं काही हौसेचं नव्हे बरं. दयाळाच्या पिल्लाला चैत्रापर्यंत गाणं आलं नाही, तर त्याला ना स्वतःचं झाड मिळतं, ना जोडीदार. त्यामुळे सगळ्या आया मोठ्या भरवशाने आपली पिल्लं गुरुजींच्या स्वाधीन करत.

गुरुजींना 'नाही' म्हणता येत नसे, आणि सिंहाच्या दरबारातल्या कोल्ह्याला हे पक्कं ठाऊक होतं. पावसाळा सरला तसा तो शाळेत आला नि म्हणाला, "गुरुजी, महाराज पाण्यावर निघाले की दवंडी पिटायला कुणीतरी हवं. तुमच्यासारखा गळा दुसऱ्या कुणाचा आहे, सांगा बरं?" गुरुजींनी भरल्या वर्गाकडे एकदा पाहिलं आणि 'बरं' म्हणाले. मग सशांची मोजणी आली. ससेच ते! एका बिळातले मोजून पुढच्या बिळाशी जावं, तोवर मागच्या बिळात चार नवे. दुपारी पिल्लांना अळ्या वाटायच्या, आणि अळ्या शिळ्या निघाल्या की आयांची बोलणीही खायची. दरवेळी कोल्हा म्हणे, "तुमच्याशिवाय आहे कोण?" कौतुकाने पोट भरत नाही, मुलांनो, पाठ मात्र वाकते.

हिवाळा अर्धा सरला तोवर दवंडी पिटून पिटून गुरुजींचा घसा पार बसला. वर्गावर येत तेच मुळी धापा टाकत. गाणं सुरू करत, पण तिसऱ्या तानेला दम संपे. मग ते पंख खाली सोडत, 'हुश्श' करून एक लांब उसासा टाकत आणि उरलेलं गाणं कसंबसं रेटत. पूर्वी पिल्लांचा किलबिलाट ऐकला की त्यांना बरं वाटे. आता तोच नकोसा होई, आणि तो नकोसा होतो याची त्यांना लाज वाटे. उद्या नीट शिकवू, असं ते रोज ठरवत. उद्या पुन्हा ससे असत.

फाल्गुनात परीक्षा झाली. सिंहमहाराज शिळेवर बसले, शेजारी कोल्हा. पहिलं पिल्लू पुढे आलं. त्याने घोगऱ्या आवाजात तीन ताना घेतल्या, मग पंख खाली सोडले, 'हुश्श' केलं आणि उरलेलं गाणं रेटलं. दुसऱ्यानेही तसंच केलं. तिसऱ्यानेही, अगदी त्याच जागी. माकडं फांदीवरून पडेपर्यंत हसली. गुरुजींना वाटलं, पोरं आपली टिंगल करताहेत.

"अरे, हे मध्येच काय?" ते ओरडले.

पिल्लू गोंधळलं. "तुम्ही शिकवलंत तसंच ना, गुरुजी? हुश्श तर मी घोटून घोटून बसवलंय. चुकलं का?"

ती टिंगल नव्हती. पिल्लू खरंच मन लावून शिकलं होतं.

कोल्हा खाकरला. "महाराज, गुरुजींना प्रशिक्षणाची गरज दिसते. सशांची मोजणी आटोपली की रोज संध्याकाळी त्यांनी..."

"नाही," गुरुजी म्हणाले. आपणच हे बोललो यावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून ते पुन्हा म्हणाले, "नाही. मला एकच गळा आहे, महाराज. तो तुमच्या दवंडीला हवा की या पिल्लांना, ते आत्ता सांगा. दोन्हीला पुरत नाही, हे तुम्ही ऐकलंतच."

सिंहाने कोल्ह्याकडे पाहिलं. तेवढ्यात मागून कावळा म्हणाला, "दवंडी मी देतो की. माझा आवाज आधीच बसलेला आहे, आणखी काय बसणार?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?" सिंहाने विचारलं.

"मला कुणी विचारलंच नाही, महाराज."

दवंडी कावळ्याकडे गेली. अळ्या वाटायचं काम आयांनी आपसांत वाटून घेतलं. सशांची मोजणी कोल्हा आनंदाने घ्यायला तयार होता, पण ससे म्हणाले, "नको, आमचे आम्हीच मोजू."

गुरुजींचा गळा काही लगेच सुटला नाही. कितीतरी दिवस त्यांना गप्प बसावं लागलं, आणि चैत्र तर दारात येऊन उभा होता. पिल्लं जेवढं आलं तेवढंच घेऊन उडून गेली. एकालाही झाड मिळालं नाही. पुढच्या वर्षी पाऊस उघडल्यावर गुरुजींनी नवा वर्ग भरवला, तेव्हा ती एकेक करून परत आली आणि मान खाली घालून मागच्या फांदीवर बसली. अंगाने ती आता चांगली थोराड दिसत होती, आणि पुढे बसलेली चिमुरडी त्यांच्याकडे वळून वळून पाहत होती. गुरुजींनी त्यांना काही विचारलं नाही. पुढच्यांना सरकायला सांगून त्यांना जागा करून दिली आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं.

तात्पर्य : शिकवणाऱ्याला शंभर कामांना जुंपलं, की त्याचा थकवाच मुलांचा धडा होतो.