भोवऱ्यावरची राखण

फार पूर्वी एका नदीच्या डोहात उन्हाळ्यात रानातली जनावरं डुंबायला येत. तिथल्या भोवऱ्यापाशी एक पाणमांजर, कोणी न सांगता, दिवसभर पोहत राही आणि येणाऱ्याला मागे वळवी.

एकदा कोल्हा तिच्यावर चिडला. "नदी काय तुझ्या एकटीची आहे?" असं म्हणत तो पुढे गेला आणि गरगर फिरू लागला. त्याने हाक मारताच पाणमांजरीने वाहता ओंडका त्याच्याकडे ढकलला. त्याला धरून दोघं कशीबशी काठाला लागली.

"मी एवढं बोललो, तरी आलीस?" कोल्ह्याने धापा टाकत विचारलं.

"मला तुझी हाक तेवढी ऐकू आली," ती म्हणाली. "माझ्या पिल्लाची आली नव्हती."

दुसऱ्या दिवशी कोल्हा काठावर उभा राहून हरणांना सांगत होता, "इथून नको, बाबांनो. वरच्या उताराने उतरा."