ठिपकीचा दाणा आणि लुकलुक दिवा

एक होती मुंगी. नाव तिचं ठिपकी. तिला एक भाऊ. एवढुस्सा! नाव त्याचं टिंबू.

आज टिंबूचं उष्टावण. म्हणजे टिंबूचा पहिला भात! मुंगळेमामा लांबून आला. टिंबूला मांडीवर घेऊन बसला. सगळ्या मुंग्या गोल बसल्या. टिंबूने आ केला. पण भात कुठाय?

"मी आणते!" ठिपकी म्हणाली. आणि निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

अंगणात होती वैजूमावशीची गाडी. कालच दसरा झाला. मावशीने गाडीची पूजा केली. झेंडूचा हार घातला. अक्षता टाकल्या. तांब्यात थोडं पाणी उरलं. "पूजेचं पाणी पायदळी नको गं बाई!" मग मावशीने ते कुठे ओतलं? गाडीच्या टाकीत! काच धुवायचं पाणी असतं ना, त्या टाकीत. गुडुप गुडुप!

गाडीच्या काचेवर एक दाणा होता. अक्षतेचा. कुंकवाने लाल लाल. ठिपकीने दाणा धरला. ओढ, ओढ!

तेवढ्यात रस्त्याने ट्रॅक्टर गेला. पचाक! चिखल उडाला, तो बरोबर दाण्यावर. ऊन पडलं. चिखल वाळला. दाणा अडकला आत!

ठिपकीला रडूच आलं. पण रडून का भात मिळतो? तिने डोळे पुसले.

"चिखलदादा, चिखलदादा, दाणा सोड ना!"

"मी? छे, छे! मी वाळलोय कडक. पिचकारी उडाली, तर मी भिजेन."

गाडीच्या नाकावर होती पिचकारी. ठिपकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पिचकारीताई, पिचकारीताई, जरा उड ना!"

"का गं ठिपके?"

"चिखल भिजेना,
दाणा सुटेना,
टिंबूचं उष्टावण काही होईना!"

"मी? छे, छे! मावशीने बटण दाबलं, तर मी उडेन."

मावशी बसली होती गाडीत. गाल फुगवून. ठिपकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"वैजूमावशी, वैजूमावशी, बटण दाब ना!"

"का गं ठिपके?"

"पिचकारी उडेना,
चिखल भिजेना,
दाणा सुटेना,
टिंबूचं उष्टावण काही होईना!"

"मी? छे, छे! तो दिवा बघ. पाणी संपलं म्हणतोय. काल तर टाकी भरली मी! गळली असणार मेली. पिचकारीचा पंप कोरडा चालवला तर जळेल ना गं! दिवा विझला, तर मी दाबेन."

टाकीत वाकून बघायचं की नाही? पण मोठ्या माणसांना वाकायचा भारी कंटाळा!

दिवा होता मावशीच्या समोरच. पिवळा पिवळा. लुक लुक, लुक लुक. ठिपकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"दिवेदादा, दिवेदादा, जरा विझ ना!"

"का गं ठिपके?"

"मावशी दाबेना,
पिचकारी उडेना,
चिखल भिजेना,
दाणा सुटेना,
टिंबूचं उष्टावण काही होईना!"

"मी? छे, छे! मी कुठे पाणी बघतो? मी गोळ्याचं ऐकतो. टाकीतला गोळा पाण्यावर तरंगून वर आला, तर मी विझेन."

ठिपकी फटीतून आत शिरली. पाइपावरून गेली. टाकीच्या तोंडाशी आली. तुरु तुरु, तुरु तुरु. आणि बघते तर काय? पाणीच पाणी! टाकी काठोकाठ!

"अगं बाई! दिवा खोटं बोलतोय!"

तळाशी बसला होता गोळा. खट्टू होऊन.

"गोळेदादा, गोळेदादा, वर तरंग ना!"

"का गं ठिपके?"

"दिवा विझेना,
मावशी दाबेना,
पिचकारी उडेना,
चिखल भिजेना,
दाणा सुटेना,
टिंबूचं उष्टावण काही होईना!"

"मी? छे, छे! मला का तळाशी बसायची हौस आहे? ही पाकळी बघ. माझ्या दांडीत अडकलीय. पाकळी हलली, तर मी तरंगेन."

झेंडूची पाकळी! तांब्यातून आलेली. पूजेच्या पाण्यातून आलेली. मावशीला कळलंच नाही.

"पाकळीताई, पाकळीताई, जरा हल ना!"

"का गं ठिपके?"

"गोळा तरंगेना,
दिवा विझेना,
मावशी दाबेना,
पिचकारी उडेना,
चिखल भिजेना,
दाणा सुटेना,
टिंबूचं उष्टावण काही होईना!"

"मी? छे, छे! मला कोण हलवणार? करडूने गाडीला ढुशी मारली, तर मी हलेन."

शेळीचं करडू अंगणातच होतं. हाराकडे टुकूटुकू बघत होतं. ठिपकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"करडूबाळा, करडूबाळा, ढुशी मार ना!"

"का गं ठिपके? में!"

"पाकळी हलेना,
गोळा तरंगेना,
दिवा विझेना,
मावशी दाबेना,
पिचकारी उडेना,
चिखल भिजेना,
दाणा सुटेना,
टिंबूचं उष्टावण काही होईना!"

"मी? छे, छे! मला भूक लागलीय. हार किती उंच! माझं तोंडच पुरत नाही. हार पडला, तर मी मारेन. में!"

ठिपकी निघाली. पाय दुखले. तरी निघाली. तुरु... तुरु... तुरु... तुरु.

"हारदादा, हारदादा, खाली पड ना!"

"का गं ठिपके?"

"करडू मारेना,
पाकळी हलेना,
गोळा तरंगेना,
दिवा विझेना,
मावशी दाबेना,
पिचकारी उडेना,
चिखल भिजेना,
दाणा सुटेना,
टिंबूचं उष्टावण काही होईना!"

"मी? छे, छे! मला दोऱ्याने बांधलंय. दोरा तुटला, तर मी पडेन."

दोरा कोण तोडणार? ठिपकीने इकडे बघितलं. कोणी नाही. तिकडे बघितलं. कोणी नाही. घरी टिंबू आ करून बसलेला. ठिपकीचे डोळे भरून आले.

मग तिला आठवलं. अरेच्चा! तोंड तर मलाही आहे!

ठिपकी दोऱ्यावर चढली. कुर्तुम कुर्तुम, कुर्तुम कुर्तुम. दोरा जाड. ठिपकी बारीक. पण सोडते होय! कुर्तुम कुर्तुम, कुर्तुम कुर्तुम...

तट्!

दोरा तुटला.
हार पडला. धप्प!
करडूने खाल्ला. मच मच!
करडू खूश झालं. टुणकन उडालं. गाडीला ढुशी मारली. ढुम्म!
पाकळी हलली. सळ्ळ!
गोळा तरंगला. डुबुक!
दिवा विझला. लुक... गप्प!

"अय्या, विझला!" मावशीने बटण दाबलं. टक्!

पिचकारी उडाली. फुर्रर्र!
चिखल भिजला. पचपच पचपच!
दाणा सुटला. घसरला. घरंगळला. आणि ठिपकीच्या पुढ्यात पडला. टिप्प!

मावशी खाली उतरली. आता कुठे टाकीत वाकली. बघते तर पाकळी!

"अगं बाई, माझीच पाकळी! आणि मी बिचाऱ्या टाकीला नावं ठेवली." मावशीने हळूच पाकळी काढली. "पुढच्या दसऱ्याला पाणी तुळशीत घालीन हो."

ठिपकीने दाणा डोक्यावर घेतला. आणि निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु!

टिंबू अजून आ करूनच बसला होता. मुंगळेमामाने दाणा फोडला. इवलासा घास केला. टिंबूच्या तोंडात घातला.

टिंबूने चावला. टिंबूने गिळला. सगळ्या मुंग्या बघत राहिल्या.

टिंबू हसला. टिंबू बोलला. त्याचा पहिला शब्द!

"ताई!"

ठिपकीने त्याचा पापा घेतला. पाय दुखायचे थांबले.

मग टिंबू दुसरा शब्द बोलला.

"अजून!"

गोष्ट आपली संपली. वाटीतला भात नाही संपला. चल बघू, टिंबूसारखा मोठ्ठा आ!